पाळलेला पिरान्हा कोपऱ्यात का लपतो? तो काय खातो, कशाला घाबरतो?

रीलमध्ये पिरान्हा नेहमी एकाच कामात दिसतो. टाकीत चिकनचा तुकडा पडतो, पाणी उसळतं आणि बघता बघता तुकडा गायब. मागे दणदणीत म्युझिक. ते बघून कोणीतरी शहरातल्या दुकानातून दोन पिल्लं घरी आणतं आणि दुसऱ्या दिवसापासून प्रश्न सुरू होतात. मासे मागच्या काचेला चिकटून बसलेत. खायला टाकलं तर वळूनही बघत नाहीत. खोलीत कोणी आलं की सैरावैरा पळतात, काचेवर तोंड आपटून घेतात. आजारी आहेत का? दुकानदाराने फसवलं का?

बहुतेक वेळा मासे आजारी नसतात, घाबरलेले असतात. पिरान्हा हा मुळात भित्रा मासा आहे. हे एकदा लक्षात आलं की त्याचं खाणं, लपणं आणि चावणं या तिन्ही गोष्टींचा उलगडा होतो.

त्याची खुनशी प्रतिमा तयार झाली ती माणसांमुळे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९१३-१४ मध्ये ब्राझीलच्या जंगलातल्या मोहिमेवर गेले आणि १९१४ च्या पुस्तकात त्यांनी पिरान्हाला जगातला सगळ्यात क्रूर मासा ठरवून टाकलं. १९७८ मध्ये ‘पिरान्हा’ नावाचा सिनेमा आला. राहिलेलं काम आता रील्स करतायत.

आधी बघा, तो पिरान्हाच आहे ना?

घरगुती टाकीत पाळला जातो तो मुख्यतः लाल पोटाचा पिरान्हा. शास्त्रीय नाव पायगोसेंट्रस नॅटरेरी. ऑस्ट्रियाचे निसर्ग अभ्यासक योहान नॅटरर यांच्यावरून १८५८ मध्ये हे नाव दिलं गेलं. टाकीत हा मासा साधारण २० ते २५ सेंटीमीटर वाढतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो.

आपल्याकडे मात्र ‘रेड पिरान्हा’ म्हणून विकला जाणारा मासा अनेकदा त्याचा चुलतभाऊ असतो, पॅकू. मासळी बाजारात तुम्ही तो पाहिलाय, बहुधा खाल्लाही आहे. आपण त्याला रूपचंद म्हणतो. पिल्लू असताना त्याचंही पोट लाल असतं, त्यामुळे दोघांत गल्लत होते. ओळखायचं तोंडावरून. पिरान्हाचा खालचा जबडा पुढे आलेला असतो आणि दात त्रिकोणी, करवतीसारखे. पॅकूचे दात चपटे, जवळजवळ माणसाच्या दाढांसारखे, कारण त्याला फळं आणि कठीण बिया फोडायच्या असतात. हा फरक महत्त्वाचा आहे. पॅकू दोन फुटांच्या वर जातो, त्याला हॉलमधली टाकी कधीच पुरणार नाही. आणि त्याला रोज मांस खाऊ घालणं म्हणजे शेळीला मटण वाढण्यासारखं आहे.

घाबरतो तरी कशाला?

अॅमेझॉनच्या पाण्यात पिरान्हाला खाणारे खूप आहेत: नदीतले डॉल्फिन, मगरीच्या जातीतले केमन, पाणकावळे, मोठी पाणमांजरं. तो थव्याने राहतो ते शिकारीसाठी, असं आपण धरून चालतो. हेल्डर केरोझ आणि अॅन मगुरन या दोघांनी ब्राझीलच्या मामिरावा अभयारण्यातल्या पिरान्हांचा अभ्यास केला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी माशांच्या कल्ल्यांची हालचाल मोजली, म्हणजे आपल्या भाषेत श्वासाचा वेग. दोनच मासे एकत्र ठेवले तेव्हा हा वेग जास्त होता, आठ ठेवले तेव्हा कमी. मग खोट्या पाणकावळ्याने हल्ल्याचं नाटक केलं. आठांचा गट लवकर शांत झाला, दोघांची धडधड बराच वेळ थांबली नाही. थवा हा त्यांच्यासाठी आडोसा असतो.

आता दुकानातून आणलेल्या त्या दोन पिल्लांचा विचार करा. उघडी टाकी, वर पांढराफटक एलईडी, चारही बाजूंनी माणसं. ती लपणार नाहीत तर काय करतील?

त्यात त्यांचे कान तिखट. पिरान्हाच्या गटातल्या माशांमध्ये हवेची पिशवी आणि आतला कान बारीक हाडांनी जोडलेले असतात, त्यामुळे आवाज त्यांना चांगला जाणवतो. अंगावरच्या पार्श्वरेखेला पाण्यातलं कंपनही कळतं. दार आपटणं, काचेवर टिचक्या मारणं, वरातीचा डीजे, दिवाळीचे सुतळी बॉम्ब हे सगळं त्यांच्या अंगापर्यंत पोचतं. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं, की हे मासे स्वतःही तीन वेगवेगळे आवाज काढतात: समोरासमोर धमकावताना, खाण्यावरून भांडताना आणि पाठलाग करताना दात वाजवून.

नवीन आणलेला पिरान्हा कधी रंग उडवून तळाशी पडून राहतो, कधी चक्क कुशीवर कलंडतो. लगेच मेला समजून बाहेर काढू नका. कल्ले हलतायत का ते बघा, दिवा बंद करा आणि त्याला एकटं सोडा. पहिले तीन-चार दिवस त्याने काही खाल्लं नाही तरी चालतं. टाकी दारापासून लांब ठेवा, मागच्या आणि बाजूच्या काचांना गडद कागद लावा, आत लाकडाचे ओंडके आणि झाडं ठेवा. दिवा लावायच्या आधी खोलीतला लाइट लावून ठेवा. अंधारातून एकदम उजेड झाला की मासा उधळतो आणि थोबाड फोडून घेतो. संख्या चारपेक्षा कमी नको, सहा असतील तर उत्तम.

ताटात काय वाढायचं?

निसर्गात पिरान्हा काही रोज गाय फाडून खात नाही. तो इतर माशांचे पंख कुरतडतो, खवले खातो. किडे, खेकडे-कोळंबी, मेलेले प्राणी खातो आणि फळं-बियासुद्धा खातो. लहान पिरान्हा दिवसा खातात, मोठे जास्त करून पहाटे आणि संध्याकाळी. त्यामुळे भर दुपारी पाहुण्यांसमोर ‘शो’ दाखवायला गेलात तर मासा तुमची फजिती करणार.

घरी सगळ्यात सोयीचं म्हणजे चिलापीचे काटे काढलेले तुकडे, सालासकट कोळंबी आणि अधूनमधून गांडुळं. लहानपणापासून सवय लावली तर गोळी खाद्यही खातात, आणि ती सवय लावाच. लहान पिल्लांना रोज एक-दोनदा, वाढलेल्यांना दोन-तीन दिवसांतून एकदा द्या. पाच-सात मिनिटांत जे संपेल तेवढंच टाकायचं, उरलेलं लगेच काढायचं. सडलेल्या मांसातून अमोनिया तयार होतो. रील बघून पिरान्हा पाळणाऱ्यांचे मासे भुकेने कमी आणि या अमोनियाने जास्त मरत असावेत, असं माझं मत.

चिकन, मटण, काळीज? कधीतरी बोटभर तुकडा ठीक. रोज नको. सस्तन प्राण्यांची आणि पक्ष्यांची चरबी माशांना नीट पचत नाही आणि पाण्यावर तेलकट तवंग येतो. मसाला लावलेलं तर अजिबात नाही.

जिवंत गोल्डफिश सोडण्याचं वेडही आवरा. गोल्डफिशच्या अंगात थायमिनेज नावाचं विकर असतं, ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं. नेहमी हेच खाणाऱ्या माशाला त्याची कमतरता होऊ शकते. शिवाय दुकानातल्या गर्दीतल्या त्या स्वस्त माशांबरोबर परजीवी फुकट येतात. व्ह्यूज मिळतात हे खरं, पण त्याची किंमत दोन्ही मासे मोजतात.

पोटं भरलेली असतील तर पिरान्हा एकमेकांना फारसा त्रास देत नाहीत. उपाशी ठेवलं किंवा दाटीवाटी झाली, की सगळ्यात कमजोर माशाच्या शेपटीचा लचका जातो. शेपटी परत येते, पण सारखं असं होत असेल तर ती टाकी लहान पडतेय.

वालूरसारख्या गावात जमेल का?

समजा परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या वालूरला कोणाला ही हौस करायची आहे. मासा मिळवणं सोपं आहे, वातावरण सांभाळणं अवघड. पिरान्हाला पाणी लागतं २४ ते २८ डिग्री. परभणीत उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो आणि काही हिवाळ्यांत तो ५ च्याही खाली उतरल्याची नोंद आहे. म्हणजे थंडीत हीटर हवा, मे महिन्यात पाण्यावर फिरणारा पंखा हवा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणून नेमकी उन्हाळ्यातच हवेच्या पंपाची गरज जास्त.

आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. फिल्टर काही तास बंद राहिला की त्यातले घाण पचवणारे जिवाणू मरायला लागतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेऊन ठेवा आणि लाइट नसेल त्या दिवशी खायला घालू नका. मोठा पिरान्हा काही दिवस उपाशी राहू शकतो, घाण पाण्यात राहू शकत नाही.

ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल पावडर टाकलेली असते. ते पाणी थेट टाकीत ओतू नका, क्लोरीन काढणारे थेंब टाकून वापरा. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी भरली तर साडेपाचशे लिटर पाणी होतं. वजन साडेपाच क्विंटल, काच वेगळी. माळवदाच्या घरात वरच्या मजल्यावर ठेवायचा विचार असेल तर सोडून द्या.

हात घालताना

भित्रा असला तरी दात खरे आहेत. २०१९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की पिरान्हा जबड्याच्या एका बाजूचे सगळे दात एकदम टाकतो आणि तिथे नवा संच आधीच तयार असतो. म्हणजे धार कधी संपत नाही. तो बोटाच्या मागे लागत नाही, पण कोपऱ्यात अडकवलात किंवा जाळीत धरलात तर चावतो. साफसफाई लांब दांड्याने करा, हाताला जखम असेल तर पाण्यात घालूच नका. लहान मुलं असलेल्या घरात झाकणाला कुलूप हवं.

कंटाळा आला तर कुठेही सोडू नका

साओ पावलो राज्यात धरणाच्या पाण्यात पोहणाऱ्यांना पिरान्हा चावल्याच्या घटना ब्राझीलच्या अभ्यासकांनी २००३ मध्ये नोंदवल्या. बहुतेकांना एकच चावा होता, कारण मासे अंडी-पिल्लांची राखण करत होते. नदी अडवल्यावर तयार झालेलं संथ, पाणवनस्पतींनी भरलेलं पाणी त्यांना वीण घालायला सोयीचं पडलं होतं. आपल्याकडचं निम्न दुधनाचं पाणी काय, किंवा कुठलाही साठवण तलाव काय, त्याच प्रकारचा.

बाहेरचा मासा किती पसरू शकतो हे बघायला ब्राझीलला जायची गरज नाही. चिलापी मूळची आफ्रिकेची, भारतात आणली १९५२ मध्ये. आज उजनीच्या काठावर कुठल्याही ढाब्यावर चिलापीच मिळते. वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव ड्रोनच्या फोटोंमुळे राज्यभर माहीत झाली, तिथेही ‘बिचारा जगेल’ म्हणून मासा सोडू नका. बंदिस्त पाण्यात तो आधी इतर मासे कुरतडेल आणि हिवाळ्यात बहुधा स्वतःही मरेल.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या कलम ६२-अ नुसार परदेशी आक्रमक प्रजातींची आयात, विक्री, ताबा आणि प्रसार यांवर बंधनं घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. म्हणून मासा घेताना पक्कं बिल घ्या, तो कुठून आला ते विचारा. आणि तिथेच उभं राहून आणखी एक प्रश्न विचारा: मोठा झाल्यावर परत घेणार का? दुकानदार नाही म्हणाला, तर शेजारच्या टाकीतले गप्पी बघा. दोन इंचांच्या आतले असतात आणि हात लावला तर चावत नाहीत.