शाळापट्टी ते उपस्थितीभत्ता : वाशीम जिल्ह्यातील शिक्षणसाहाय्याच्या अटी

वाशीम हे नगर म्हणजे प्राचीन वत्सगुल्म होय. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी येथे होती आणि त्या शाखेतील द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ साली येथेच उजेडात आला. अथर्ववेदी ब्राह्मणांस दिलेल्या ग्रामदानाचा हा लेख आहे. विद्येच्या पोषणार्थ राजसत्तेने केलेल्या तरतुदीचा या भागातील तो एक जुना पुरावा म्हणता येईल. याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेतील द्वितीय प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटात तर दान कोठवर टिकेल याच्या अटीही घातलेल्या आढळतात. प्रतिग्रहीत्यांनी राज्याचा द्रोह केल्यास दान परत घेण्यात राजास दोष नाही, असा त्यांचा आशय आहे. शासनाने द्यावे आणि देताना अट घालावी ही रीत, तेव्हा, वऱ्हाडास नवी नाही. अर्वाचीन काळात मात्र ही अट वेदविद्येच्या पंडितावरून उतरून सहा-सात वर्षांच्या मुलावर येऊन पडली, आणि तिचे स्वरूपही पालटले. मूल अमुक इतके दिवस शाळेत हजर असले पाहिजे, ही ती अट होय. वाशीम जिल्ह्यातील शिक्षणसाहाय्याचा इतिहास पाहताना साहाय्याच्या रकमेपेक्षा या अटीचाच विचार अधिक करावा लागतो.

१८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली दिले. त्या व्यवस्थेत वाशीम, मंगरूळ व पुसद या तीन तालुक्यांचा स्वतंत्र वाशीम जिल्हा होता. काळी जमीन आणि कापूस यांमुळे वऱ्हाडचा महसूल भरघोस येई, आणि त्या महसुलाला जोडूनच स्थानिक पट्ट्या घेतल्या जात. रस्तापट्टी, जागलेपट्टी आणि शाळापट्टी या त्यांपैकी होत. गावशाळेचा खर्च भागविण्याची ही पद्धत मुंबई इलाख्यातही होती. तेथे महसुलाच्या रुपयामागे एक आणा स्थानिक निधी घेऊन त्याचा एकतृतीयांश शिक्षणाकडे लावीत. १८८५ साली वऱ्हाडात ग्रामीण मंडळांचा कायदा झाला आणि पट्टीच्या पैशाचा विनियोग करण्याचे काम या मंडळांकडे येऊ लागले.

शाळापट्टीचा एक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. ती देणाऱ्याचे मूल शाळेत जाते की नाही, याच्याशी तिचा काही संबंध नव्हता. खातेदार पट्टी भरी. शाळा गावठाणात, पाटील-पांड्यांच्या वस्तीजवळ भरे. तांड्यावरचे, महारवाड्यातले किंवा मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबातले मूल त्या शाळेत क्वचितच असे. पट्टी प्रत्यक्षात खातेदारच भरीत असला तरी कापूस वेचणाऱ्या मजुराच्या श्रमातूनच ती निघत होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी केलेल्या निवेदनातील मुख्य तक्रार हीच होती : सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरील खर्च वरच्या वर्गांकडे वळतो. ते निवेदन मुंबई इलाख्यापुरते होते. तथापि वऱ्हाडलाही ते तंतोतंत लागू पडते.

अनुदान हजेरीशी बांधण्याची कल्पना इंग्लंडातून आली. तेथे १८६२ साली सुधारित नियमावली लागू होऊन शाळेस मिळणारी रक्कम मुलांची उपस्थिती आणि त्यांची वाचन, लेखन व गणित यांतील परीक्षा यांवर अवलंबून ठेवण्यात आली. मुंबई इलाख्यात लवकरच निकालावर अनुदान देण्याची तत्सम पद्धत सुरू झाली. सरकारी पैशाचा हिशेब चोख राहावा हा या पद्धतीचा हेतू होता व तो अनुचित म्हणता येणार नाही. परंतु तिच्या पायी शाळेचा हजेरीपट हा शिक्षकाच्या सोयीचा कागद न राहता कोषागाराचा दस्तऐवज झाला, आणि पुढे इंग्रज गेले, प्रांत बदलले, खात्यांची नावे बदलली, तरी हजेरीपटाचे हे नवे स्थान अढळ राहिले.

राजकीय फेरफार या भागाच्या वाट्यास फार आले. १९०२ साली वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांच्या खंडाने कायमपट्ट्याने इंग्रजांकडे गेले व पुढच्याच वर्षी मध्यप्रांताच्या कारभारास जोडले गेले. १९०५ साली जुना वाशीम जिल्हा मोडून वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास आणि पुसद यवतमाळास देण्यात आले. १९२० च्या कायद्याने मध्यप्रांतात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची वाट मोकळी झाली, परंतु सक्ती लागू करणे हे स्थानिक संस्थांच्या इच्छेवर आणि ऐपतीवर ठेवले गेल्याने तिची व्याप्ती मर्यादित राहिली. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्या राज्याने १९५९ साली आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांसाठी फीमाफीची योजना काढली. उत्पन्नाची मर्यादा आधी वार्षिक ९०० रुपये होती, ती पुढे १२०० करण्यात आली. जातीऐवजी उत्पन्न हा निकष घेणारी ही योजना कोरडवाहू शेतकऱ्यांच्या मुलांना माध्यमिक शाळेत आणण्यास निश्चितच उपकारक ठरली. मात्र फीमाफीचा लाभ माध्यमिक शाळेच्या दारापर्यंत पोहोचलेल्या मुलालाच होतो. चौथीपूर्वीच शाळा सुटलेल्या मुलाला त्याचा काय उपयोग?

१९६२ च्या १ मे पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व प्राथमिक शाळा त्यांच्याकडे सोपविण्यात आल्या. ज्या समितीच्या अहवालावरून हे घडले तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक हे जुन्या वाशीम जिल्ह्यातील पुसद तालुक्याच्या गहुली गावचे. बंजारा तांड्यावर जन्मलेल्या नाईकांना प्राथमिक शिक्षण एका गावी पुरे करता आले नाही, ते आसपासच्या निरनिराळ्या गावांच्या शाळांत घ्यावे लागले. पुढे १९६३ ते १९७५ ते राज्याचे मुख्यमंत्री होते. शाळेसाठी गावे बदलणारा विद्यार्थी त्यांच्या रूपाने मुख्यमंत्रिपदापर्यंत गेला. रोजगारासाठी गावे बदलणाऱ्या आईबापांच्या मुलांचा प्रश्न मात्र राहिला.

हा प्रश्न वाशीमच्या बाबतीत गौण नाही. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे सर्वांत मोठे तीर्थक्षेत्र असून जिल्ह्यात तांड्यांची वस्ती मोठी आहे. शेती बहुतांशी कोरडवाहू. सोयाबीन व कापूस निघाला की गावात काम उरत नाही, आणि दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर किंवा शहरांतील बांधकामांवर निघून जातात. ती परततात उन्हाळ्यात. मूल लहान असेल तर बरोबर जाते. मुलगी आठ-दहा वर्षांची असेल तर धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी तिचे जाणे जवळजवळ ठरलेलेच असते.

याच मुलींसाठी म्हणून शासनाने १९९२ साली उपस्थितीभत्त्याची योजना काढली. दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि विमुक्त जाती-भटक्या जमातींमधील पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या प्रत्येक दिवसास एक रुपया, वर्षाच्या २२० दिवसांचे अधिकात अधिक २२० रुपये, आणि अट ७५ टक्के उपस्थितीची. मुलगी शाळेत बसल्याने घराचे जे नुकसान होते त्याची अंशतः भरपाई पालकास द्यावी, हा योजनेमागील विचार होता आणि तो वास्तवाला धरून होता. फीमाफीने जे साधत नाही ते यात ओळखलेले होते : गरीब घरास शाळेची फी जड जात नाही, तर मुलाचा वेळ जड जातो.

परंतु अटीचा हिशेब करून पाहावा. २२० दिवसांचे ७५ टक्के म्हणजे १६५ दिवस. विदर्भातील शाळा उन्हाच्या तीव्रतेमुळे उर्वरित महाराष्ट्राहून उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. दिवाळीनंतर गाव सोडणाऱ्या मुलीचे हजेरीचे दिवस, ती एकही दिवस न चुकता शाळेत गेली तरी, शंभरीच्या आतच राहतात. म्हणजे ज्या मुलीला थांबविण्यासाठी भत्ता निघाला तिला तो मिळणे गणितानेच अशक्य होते. आणि जी मुलगी भत्ता नसता तरी गावात राहून शाळेत आलीच असती, तिला तो मिळे. भत्त्याचा दरही पुढील तीन दशके एक रुपयाच राहिला. रोजगार हमीची मजुरी याच काळात किंमतींच्या निर्देशांकाशी जोडली जाऊन २०२२-२३ मध्ये महाराष्ट्रात दिवसाला २५६ रुपये झाली होती. प्रौढाच्या दिवसाचे मोल वाढते आणि मुलीच्या दिवसाचे वाढत नाही, यामागे कोणाचा दुष्ट हेतू होता असे मुळीच नाही. रोजगार हमीला कायद्याचा आधार आहे व तिच्यासाठी मागणी करणारा मजूर आहे. उपस्थितीभत्त्याला शासननिर्णयाचा आधार आणि मागणी करणारे कोणी नाही.

हजेरीपटाची आणखी एक विसंगती येथे नमूद केली पाहिजे. शाळेस किती शिक्षक मिळावेत हे संचमान्यतेने ठरते, आणि तिच्यासाठी दीर्घकाळ ३० सप्टेंबरचा पट धरला जात आला. सप्टेंबरात स्थलांतर करणारे मूल पटावर असते. त्यामुळे त्याच्या नावावर शाळेस शिक्षक मिळे, आणि त्याच मुलाच्या नावावर त्यास स्वतःस काही मिळत नसे. एकच हजेरीपट संस्थेसाठी एका तिथीस आणि मुलासाठी वर्षभर वाचला जाई. पटावरील नावे खरी आहेत काय, हे पाहण्यासाठी २०११ च्या ३ ते ५ ऑक्टोबर या काळात राज्यभर विशेष पटपडताळणी झाली व खोट्या पटाचे पुष्कळ प्रकार बाहेर आले. ती मोहीम आवश्यकच होती. मात्र तिने शोधले ते पटावर असून जगात नसलेले मूल; जगात असून वर्षातले सहा महिने पटावर नावापुरते उरलेले मूल शोधणे हा तिचा विषय नव्हता.

शालेय आहाराच्या इतिहासात अट बदलल्याने काय होते याचा दाखला मिळतो. १९९५ साली केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा ८० टक्के उपस्थिती असलेल्या विद्यार्थ्यास महिन्याला तीन किलो तांदूळ घरी दिला जाई. येथेही महिन्याचा हजेरीपट आडवा येई, आणि तांदूळ मुलाच्या पोटात न जाता घरच्या हंड्यात जाई. २००१ च्या २८ नोव्हेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्न शाळेतच देण्याचा आदेश दिला. त्यानंतर जे मूल ज्या दिवशी शाळेत आले त्याला त्या दिवशी जेवण मिळू लागले; काल ते कोठे होते हे विचारण्याचे कारण उरले नाही. खर्चाची बाब तीच आणि धान्यही तेच, पण हिशेब महिन्याऐवजी दिवसाचा झाला. शिक्षणसाहाय्याच्या योजनांत याहून महत्त्वाची सुधारणा क्वचितच झाली असेल, आणि ती एका न्यायालयीन आदेशाने झाली, शिक्षण खात्याच्या विचारमंथनातून नव्हे.

साहाय्य कोणत्या जिल्ह्यास द्यावे हे ठरवितानाही सरासरीची अशीच अडचण झालेली दिसते. १९९४ नंतर आलेल्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमात स्त्री-साक्षरता राष्ट्रीय सरासरीहून कमी असणे हा निवडीचा एक मुख्य निकष होता. शेजारचे परभणी व नांदेड हे जिल्हे त्यात आले. अकोला आला नाही. वाशीमचे तांडे तेव्हा अकोल्याच्या सरासरीत सामावलेले होते. १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि २०१८ साली केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांची नावे आली त्यांत त्याचा समावेश झाला. वस्तुतः २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे ८३ टक्के, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या आसपासच होती. जिल्ह्याची सरासरी मानोऱ्याच्या तांड्याविषयी फारसे काही सांगत नाही, हे यावरून पुरेसे स्पष्ट व्हावे.

स्थलांतराचा प्रश्न नेमका हेरणारा उपाय सर्व शिक्षा अभियानाच्या काळात निघाला, तो हंगामी वसतिगृहांचा. आईबाप कामावर गेले तरी मूल गावातच, आजी-आजोबांजवळ किंवा नातलगांकडे राहते. त्याच्या दोन वेळच्या जेवणाची व्यवस्था गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीमार्फत होते आणि हंगाम संपला की वसतिगृहही संपते. इमारत नाही, कायम कर्मचारी नाहीत, आणि पैसा हजेरीचे बक्षीस म्हणून न येता हजेरी शक्य व्हावी म्हणून आधी येतो. विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या आश्रमशाळांचे तत्त्वही मुळात हेच होते. परंतु तेथे मूल गावापासून तुटते व संस्था कायमची होते. हंगामी वसतिगृहात मूल आपल्या तांड्यावर राहते.

या योजनेचे यश एका सर्वेक्षणावर अवलंबून आहे. कोणती कुटुंबे जाणार, त्यांतील किती मुले मागे ठेवता येतील, त्यांच्याजवळ कोण राहील, ही यादी शिक्षकांनी कुटुंबे निघण्यापूर्वी करावयाची असते; जी मुले बरोबर जातातच त्यांना शिक्षण हमी पत्रक देऊन दुसऱ्या गावच्या शाळेत दाखल होण्याची सोय करावयाची असते. यादीस मंजुरी आणि निधी दिवाळीपूर्वी आला तर मूल राहते. तो डिसेंबरात आला तर कागदावर वसतिगृह सुरू होते, आणि मूल तोवर उसाच्या फडात पोहोचलेले असते.