फ्रेशरचा रिझ्युमे आणि इंटरव्ह्यूची तयारी: जे लिहाल तेच विचारतील

इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष सुरू झालं की कॉलेजात प्लेसमेंटची गडबड सुरू होते. मग एखाद्या सीनियरचा रिझ्युमे व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायचा, नाव आणि मार्क बदलायचे आणि प्लेसमेंट सेलला पाठवून द्यायचा. मीही तेच केलं होतं. त्या रिझ्युमेत स्किल्सच्या यादीत ‘मशीन लर्निंग’ होतं, ते तसंच राहिलं. पहिल्याच इंटरव्ह्यूत प्रश्न आला, “ओव्हरफिटिंग म्हणजे काय?” मॉडेल शिकवण्यासाठी दिलेला डेटा जणू पाठ करतं आणि नव्या डेटावर चुकतं, त्याला ओव्हरफिटिंग म्हणतात. हे मला नंतर घरी येऊन कळलं. तिथे मी गप्प बसलो होतो आणि ती नोकरी गेली.

फ्रेशरकडे कामाचा अनुभव नसतो, त्यामुळे इंटरव्ह्यू घेणारा बरेचसे प्रश्न समोरच्या कागदावरूनच काढतो. म्हणून एकच नियम लक्षात ठेवा: ज्या ओळीवर तुम्ही तीन-चार मिनिटं बोलू शकत नाही, ती ओळ काढून टाका.

काय ठेवायचं, काय काढायचं

फ्रेशरचा रिझ्युमे एका पानाचा पुरे. नाव, मोबाईल, ई-मेल, शिक्षण, स्किल्स, प्रोजेक्ट, इंटर्नशिप केली असेल तर ती, आणि गिटहबची लिंक. वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात, पूर्ण पत्ता या गोष्टी लग्नाच्या बायोडेटात लागतात, इथे नाही. ‘हार्डवर्किंग’, ‘क्विक लर्नर’ हे शब्द सगळेच लिहितात, त्यातून काहीच कळत नाही.

स्किल्सचे दोन भाग करा: ‘चांगलं येतं’ आणि ‘ओळख आहे’. सी++ फक्त पहिल्या वर्षाला केलं असेल तर ते दुसऱ्या भागात टाका.

प्रोजेक्ट कसा लिहायचा

बहुतेक रिझ्युमेत अशी ओळ असते: ‘मेस मॅनेजमेंट सिस्टिम – जावा, मायएसक्यूएल.’ यात तुम्ही काय केलं ते दिसत नाही. त्याऐवजी असं लिहा (रिझ्युमेत इंग्रजीतच लिहायचं, इथे समजण्यासाठी मराठीत देतोय):

‘हॉस्टेलच्या मेसमधल्या जेवणाची नोंद ठेवणारी वेबसाइट. चार जणांच्या टीममध्ये माझ्याकडे डेटाबेस आणि लॉगिन. एकाच जेवणाची नोंद दोनदा होत होती, ती युनिक की लावून थांबवली.’

अडचण काय होती, तुमच्याकडे काय होतं, तुम्ही काय केलं आणि त्याने काय झालं, हे चारही मुद्दे यात आले. आता यावर कोणते प्रश्न येतील ते स्वतःच लिहून काढा. प्रायमरी की आणि युनिक की यांत फरक काय? एका टेबलला प्रायमरी की एकच असते आणि तिच्यात नल चालत नाही, युनिक की मात्र अनेक असू शकतात. पासवर्ड कसा साठवला? जसाच्या तसा साठवला असेल तर कबूल करा आणि हॅश करून साठवायला हवा होता हेही सांगा. स्वतःची चूक ओळखता येणं ही जमेचीच बाजू आहे.

एटीएस म्हणजे काय?

मोठ्या कंपन्यांकडे खूप अर्ज येतात. ते गोळा करून चाळण्यासाठी जे सॉफ्टवेअर वापरतात त्याला एटीएस म्हणतात. ते तुमच्या फाइलमधला मजकूर वाचतं. रिझ्युमे म्हणजे एक इमेज असेल किंवा दोन कॉलम, आयकॉन आणि टेबलांनी भरलेला असेल, तर वाचण्यात गोंधळ होऊ शकतो.

तपासायची सोपी युक्ती: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे ओळी नीट क्रमाने आल्या तर फाइल ठीक आहे. काहीच आलं नाही, तर सॉफ्टवेअरलाही बहुधा काही दिसणार नाही.

टेक्निकल राउंड

प्रश्न ऐकल्या ऐकल्या कोड लिहायला घेऊ नका. समजा, विचारलं की अ‍ॅरेमध्ये एखादी संख्या दोनदा आली आहे का ते शोधा. आधी साधा उपाय सांगा: दोन लूप लावून प्रत्येक जोडी तपासायची. १०,००० संख्या असतील तर जवळपास ५ कोटी तुलना होतील. मग सुधारणा सांगा: हॅशसेटमध्ये एकेक संख्या टाकत जायचं, आधीच असेल तर उत्तर मिळालं. एकाच फेरीत काम होतं, फक्त मेमरी जास्त लागते. असं मोठ्याने विचार करत गेलात तर उत्तर अर्धवट राहिलं तरी तुमची पद्धत समोरच्याला दिसते.

येत नसेल तर “हे मला माहीत नाही” असं सरळ सांगा. थापा पुढच्याच प्रश्नात पकडल्या जातात.

केटी, गॅप आणि इंग्रजी

दहावी, बारावी आणि डिग्रीला ६० टक्के अशी अट अनेक कंपन्या ठेवतात. तुम्ही त्यात बसत नसाल तरी टक्के फुगवू नका. जॉइन होताना मार्कशीट तपासतात आणि खोटं निघालं तर मिळालेली ऑफर जाते. केटी किंवा गॅप असेल तर कारण दोन वाक्यांत सांगा, मग त्या काळात काय शिकलात ते सांगा.

मराठी माध्यमातून आला असाल तर स्वतःची ओळख इंग्रजीत दीड मिनिटात सांगायचा सराव करा. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. मुद्दे लक्षात ठेवा, पण वाक्यं पाठ करू नका, कारण एक शब्द विसरला की पुढचं सगळं अडतं. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारायला सांगण्यात काहीच कमीपणा नाही.

आणखी एक: रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किंवा लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणून नोकरीआधी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका. ही फसवणुकीची नेहमीची पद्धत आहे.

आज रात्री एवढंच करा: रिझ्युमेची प्रिंट मित्राच्या हातात द्या आणि प्रत्येक ओळीवर एक प्रश्न विचारायला सांगा. जिथे अडखळाल ती ओळ शिकून घ्या, नाहीतर खोडून टाका.