दिनविशेष : १६ जुलै १९९८ – धुळीआडच्या दीर्घिका

हवाईतील मौना केआ पर्वतावरच्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बिणीने ८५० मायक्रोमीटर, म्हणजे एक मिलिमीटरहून किंचित कमी लांबीच्या लहरींत केलेल्या पाहणीचे निष्कर्ष डेव्हिड ह्यूज व सहकाऱ्यांनी या दिवशी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. सप्तर्षीतील ज्या चिमुकल्या तुकड्याचे हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये प्रदीर्घ छायाचित्रण केले होते, तेथेच सुमारे ५० तासांच्या निरीक्षणात पाच स्रोत आढळले.

नवजात ताऱ्यांचा प्रकाश भोवतालची धूळ गिळते, तापते आणि ती ऊर्जा अवरक्त लहरींच्या रूपाने बाहेर टाकते. विश्वाच्या प्रसरणामुळे या लहरी ताणल्या जाऊन उपमिलिमीटर पट्ट्यात येतात, त्यामुळे अतिदूरची दीर्घिकाही येथे फारशी मंद भासत नाही. मात्र हवेतील बाष्प या लहरी शोषून घेते. कावेरीकाठच्या कुंभकोणमसारख्या सखल, दमट गावी त्या जमिनीपर्यंत जवळजवळ पोहोचतच नाहीत, आणि म्हणूनच चार हजार मीटरांवरची कोरडी हवा गाठावी लागते.

केवळ दृश्य प्रकाशावरून मांडलेला ताऱ्यांच्या जन्माचा हिशेब अपुरा होता, हे या पाहणीने दाखवले, आणि तिचे खरे मोल यातच आहे. पाचांतील सर्वांत तेजस्वी स्रोत हबलच्या चित्रात सापडेना. त्याचे अंतर निश्चित व्हायला २०१२ साल उजाडले. विश्व जेमतेम १.१ अब्ज वर्षांचे असताना तेथे दरवर्षी सुमारे ८५० सूर्यांच्या वस्तुमानाइतके तारे घडत होते.