टोट : सामाईक गल्ल्याची कुळकथा

टोट म्हणजे शर्यतीवर लागलेले सगळे पैसे एका गल्ल्यात गोळा करायचे, त्यातून ठरलेली कपात काढून घ्यायची आणि उरलेली रक्कम जिंकलेल्या तिकिटांवर वाटून टाकायची, अशी पैजेची पद्धत. हे नाव ‘टोटलायझेटर’ या इंग्रजी शब्दाचे आखूड रूप. बेरीज करणारा तो टोटलायझेटर. फ्रेंच नाव ‘पारी म्युत्युएल’, म्हणजे आपसातली पैज. हे नाव अमेरिकेत पोचले तेव्हा तिथल्या लोकांनी ‘पारी’ म्हणजे पॅरिसच असणार असे धरून त्याचे ‘पॅरिस म्युच्युअल’ करून टाकले. पुढे दोन्ही शब्द एकमेकांना चिकटून ‘पॅरिम्युच्युअल’ झाले. तिन्हींत फ्रेंच नाव सर्वांत नेमके आहे. टोटवर पैसे लावणारा रेस क्लबाविरुद्ध खेळत नाही, बुकीविरुद्धही नाही. तो खेळतो तिकिटाच्या रांगेत आपल्या मागेपुढे उभ्या असलेल्या माणसांविरुद्ध.

टोटच्या आधी पैजेला दोन पक्ष लागत, आणि तिच्यासाठीचे मराठी शब्दही तेच सांगतात. ‘पैज’ हे ‘प्रतिज्ञा’चे प्राकृतातून उतरलेले रूप. ‘पण’ म्हणजे डावावर लावलेला ऐवज आणि जुन्या काळचे नाणेही. ‘शर्यत’ अरबी ‘शर्त’वरून आली : आधी अट, मग अटीवर लागलेली पैज आणि शेवटी नुसते धावणे. या शब्दाच्या पोटात पैज आधीपासूनच आहे. इंग्लंडातही घोड्यांच्या शर्यतींचा जुना प्रकार असाच होता. दोन मालक आपापले घोडे समोरासमोर उभे करीत, रक्कम ठरे आणि हरणारा जिंकणाऱ्याला पैसे मोजी.

अठराव्या शतकाच्या अखेरीस न्यूमार्केटच्या मैदानावर हॅरी ऑग्डेन नावाच्या माणसाने हा समोरासमोरचा मामला बदलला. तो एका घोड्यावर नव्हे, शर्यतीतल्या प्रत्येक घोड्यावर वेगळा भाव देऊ लागला. पहिला बुकमेकर म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. या धंद्याचे मर्म वहीत आहे. पाच सारख्या तोलाचे घोडे धावणार असतील तर प्रत्येकाचा खरा भाव एकास चार. बुकी देतो एकास तीन. पाचही घोड्यांवर एकेक रुपया आला तर त्याच्याकडे पाच जमतात, आणि कोणताही घोडा जिंको, त्याला मुद्दलासकट चारच द्यावे लागतात. मात्र पैसे असे सारखे वाटून येत नाहीत. एखाद्या घोड्यावर सगळ्यांची झुंबड उडाली की बुकीपुढे तीनच वाटा उरतात : बुडणे, पळून जाणे, किंवा तो घोडा जिंकणार नाही याची तजवीज करणे. तिसरी वाट किती खाली जाते हे १८११ मध्ये न्यूमार्केटला दिसले. घोड्यांच्या पाण्याच्या हौदात सोमल कालवला गेला, घोडे मेले, आणि त्यापायी डॅनियल डॉसन नावाच्या माणसाला १८१२ मध्ये केंब्रिजला फाशी झाली.

या पार्श्वभूमीवर झोझेफ ओलेर पॅरिसमध्ये उगवतो. १८३९ मध्ये कॅटलोनियातल्या तेरासा गावी त्याचा जन्म झाला. घरचे लोक पुढे फ्रान्सला गेले. शिकण्यासाठी तो बिल्बाओला गेला आणि तिथे कोंबड्यांच्या झुंजींच्या नादी लागला. सामाईक गल्ल्याला इंग्रजीत ‘पूल’ म्हणतात, तो शब्द फ्रेंच ‘पूल’ म्हणजे कोंबडीवरून आलेला. तेव्हा ओलेरच्या आयुष्यात कोंबडी दोनदा आली असे म्हणायला हरकत नाही. १८६७ मध्ये त्याने आपसातल्या पैजेची पद्धत पॅरिसमध्ये सुरू केली. त्यात भाव कोणी सांगायचाच नाही. प्रत्येकाने हव्या त्या घोड्यावर हवी तेवढी तिकिटे घ्यायची. शर्यत सुटली की खिडकी बंद. मग बेरीज, कपात आणि वाटप. गल्ला सांभाळणाऱ्याची टक्केवारी आधीच निघालेली असल्याने कोणता घोडा जिंकतो याच्याशी त्याला देणेघेणे राहत नाही. घोड्याला विष घालण्याचे बुकीपाशी असलेले कारणच या हिशेबाने काढून घेतले. लावणाऱ्यांपाशी आणि मालकांपाशी ते उरलेच, पण गल्लेवाल्यापाशी नाही.

फ्रेंच सरकारला हे कौतुक लगेच पटले नाही. बेकायदा जुगार चालवल्याबद्दल १८७४ मध्ये ओलेरला पंधरा दिवसांची कैद आणि दंड झाला. पुढे सतरा वर्षांनी, २ जून १८९१ च्या कायद्याने, फ्रान्सने त्याचीच पद्धत मान्य केली आणि ठरावीक भाव देणाऱ्या बुकींना बंदी घातली. तोवर ओलेर करमणुकीच्या धंद्यात शिरला होता. १८८९ मध्ये शार्ल झिडलेरबरोबर त्याने ‘मुलँ रूज’ हे नाचघर उघडले. पॅरिस बघायला जाणाऱ्यांना ती लाल पवनचक्की माहीत असते, आणि तिच्या मालकाने जगभरच्या रेसकोर्सना दिलेला हिशेब सहसा माहीत नसतो.

तो हिशेब एकदा नीट मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, एका शर्यतीवर १,००,००० रुपये जमले आणि कपात २० टक्के आहे. वाटायला ८०,००० उरले. सगळ्यांच्या आवडत्या घोड्यावर, म्हणजे फेवरिटवर, ४०,००० लागले असतील आणि तो जिंकला तर १० रुपयांच्या तिकिटाला २० मिळतात. दुसऱ्यावर ५,००० लागले असतील तर १६०. तिसऱ्या, कोणी न विचारलेल्या घोड्यावर १,००० लागले असतील तर ८००. या आकड्याला रेसकोर्सवर ‘डिव्हिडंड’ म्हणतात. आता शेवटच्या मिनिटाला दुसऱ्या घोड्यावर आणखी १०,००० आले असे धरले, तर गल्ला १,१०,००० होतो, वाटायला ८८,००० उरतात, आणि त्या घोड्याचा डिव्हिडंड १६० वरून ५८ वर घसरतो. ज्याने तासभर आधी १६० बघून तिकीट घेतले त्यालाही ५८ च. बुकीपाशी घेतलेला भाव शेवटपर्यंत टिकतो. टोटवर तिकीट घेताना आपण नक्की कोणत्या भावाने घेतले हे शर्यत सुटेपर्यंत कळत नाही.

आणखी एक गोष्ट याच हिशेबात दडलेली आहे. कोणताही घोडा जिंकला तरी लावणाऱ्या मंडळींना मिळून ८०,००० च परत जातात. ते सगळे त्यांनी पुढच्या शर्यतीवर लावले तर ६४,००० उरतात. अशा पाच शर्यतींनंतर मूळ लाखाचे ३२,७६८ राहतात. या घसरणीत कोणाची फसवणूक नाही, की कोणाचे नशीब फुटलेले नाही. तरी रेसकोर्सवर ती कोणाला दिसत नाही, कारण दर शर्यतीनंतर कोणीतरी नाचत असतो आणि नजर त्याच्यावर जाते.

टोटला खरी प्रसिद्धी मिळाली ती अशाच एका नाचण्यासारख्या दिवशी. अमेरिकेतल्या लुइव्हिल शहराने १९०८ मध्ये बुकींना बंदी केली. केंटकी डर्बी भरवणाऱ्यांनी मग अडगळीत पडलेली पॅरिम्युच्युअलची जुनी यंत्रे झाडूनपुसून बाहेर काढली. त्या वर्षी स्टोन स्ट्रीट हा फारसा कोणाच्या गणतीत नसलेला घोडा जिंकला आणि ५ डॉलरच्या तिकिटाला १२३.६० डॉलर मिळाले. टोटच्या बाजूने यापेक्षा चांगली जाहिरात करता आली नसती.

अडचण बेरजेची होती. पन्नास खिडक्यांवर एकाच वेळी तिकिटे फाडली जात असताना प्रत्येक घोड्याचा आकडा आणि एकूण आकडा हाताने जुळवायचा, तोही शर्यत सुटायच्या आत. चुका होत, आणि शर्यत सुटल्यावर ओळखीच्याला तिकीट फाडून देण्याची सोयही होत असे. हा प्रश्न ज्याने सोडवला तो रेसच्या नादातला नव्हता. जॉर्ज ज्यूलियस हा एका बिशपचा मुलगा, १८७३ मध्ये इंग्लंडात जन्मलेला, ऑस्ट्रेलियात काम करणारा इंजिनियर. त्याने बनवले होते मतमोजणीचे यंत्र, मतांत लबाडी होऊ नये म्हणून. सरकारने ते घेतले नाही. एका मित्राने त्याला टोटबद्दल सांगितले. तोवर ज्यूलियसने रेसकोर्स पाहिलेलासुद्धा नव्हता. त्याच्या लक्षात आले की मत आणि तिकीट यांत यंत्राच्या दृष्टीने काही फरक नाही : उमेदवाराऐवजी घोडा, इतकेच.

१९१३ मध्ये न्यूझीलंडमधल्या ऑकलंडजवळ एलर्स्ली रेसकोर्सवर त्याचे पहिले यंत्र बसले. तीस खिडक्या, आणि मागे एक घर भरून लोखंडी पेट्या, कप्प्या, साखळ्या आणि पियानोच्या तारांचे जंजाळ. चालायचे ते वजनांच्या ओढीवर, भिंतीवरच्या जुन्या घड्याळासारखे. दोन खिडक्यांवर नेमक्या एकाच क्षणी तिकिटे निघाली तरी दोन्ही मोजली जात. दंतचक्रांची अशी जुळणी हेच ज्यूलियसचे खरे कसब. पुढे ही यंत्रे विजेवर चालू लागली. लंडनच्या हॅरिंगेमध्ये कुत्र्यांच्या शर्यतींसाठी १९३० मध्ये बसवलेले यंत्र १९८७ पर्यंत काम करत होते आणि त्याचे भाग आता तिथल्या सायन्स म्यूझियममध्ये आहेत. अनेक ठिकाणांहून एकाच वेळी येणारी माहिती घेऊन ताबडतोब उत्तर दाखवणारे यंत्र म्हणून संगणकाच्या वंशावळीत त्याला जागा दिली जाते. ती रास्त आहे.

यंत्र आल्याने सरकारांचाही उत्साह वाढला. बुकीची वही तपासणे अवघड. टोटचा आकडा फलकावरच झळकतो, त्यातून कर कापणे सोपे. ब्रिटनमध्ये अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी १९२६ मध्ये पैजेवर कर बसवला, १९२८ मध्ये कायदा झाला आणि २ जुलै १९२९ रोजी टोट सुरू झाला. बुकींना मात्र तिथे हटवले गेले नाही.

हिंदुस्थानात सरकारची भूमिका दुहेरी राहिली. ओलेरने गल्ला सुरू केला त्याच १८६७ साली इथे सार्वजनिक जुगाराचा कायदा झाला. मुंबई इलाख्याचा जुगारबंदीचा कायदा १८८७ चा. त्याच्या कक्षेतून घोड्यांच्या शर्यतींना वाट काढून दिली गेली. १९१२ मध्ये रेसकोर्सना परवाने देण्याचा कायदा आणि १९२५ मध्ये पैजेवरच्या कराचा कायदा आला. भायखळ्याच्या शर्यती १८८३ मध्ये महालक्ष्मीला गेल्या. तिथे हिवाळ्यात आणि पुण्याला पावसाळ्यात, असा हंगाम ठरून गेला. या मैदानांवर टोट आणि परवानाधारक बुकी दोघेही नांदले. विन, प्लेस, फोरकास्ट, टनाला हे शब्द रेसच्या दिवशी लोकल गाडीत ऐकू येऊ लागले. विन म्हणजे पहिला घोडा, टनाला म्हणजे पहिले तीन अचूक क्रमाने, आणि जॅकपॉट म्हणजे लागोपाठच्या पाच शर्यतींतले पाचही विजेते. कायद्याचा मुख्य वाद १९९६ मध्ये संपला. तामिळनाडूने १९७४ मध्ये शर्यती बंद करण्याचा कायदा केला होता. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा जुगार नव्हे, असा निर्णय दिला.

कौशल्य आहेच, पण लावणारे ते कितपत वापरतात हे टोटच्या फलकावरून मोजता येते, कारण तो फलक म्हणजे हजारो लोकांच्या मतांची नोंद असते. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रिफिथ यांनी १९४९ मध्ये अमेरिकेतल्या शर्यतींचे आकडे तपासले. कमी आशेच्या घोड्यांवर लोक त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेवरिटवर कमी, असे त्यांना आढळले. १९५६ मध्ये विल्यम मॅकग्लॉथलिन यांनी त्यात भर घातली : दिवसाच्या शेवटच्या शर्यतीत हा कल आणखी वाढतो. कारण उघड आहे. पाच वाजेपर्यंत बहुतेकांचा खिसा हलका झालेला असतो, फेवरिटच्या दुपटीने ते भरून निघणार नसते, म्हणून दहाचे आठशे करणारा घोडा हवा असतो. दुपारभराच्या घसरणीमुळेच माणूस त्या एका उंच उडीच्या मागे लागतो.

समोरच्या गर्दीची ही खोड ज्यांनी ओळखली त्यांनी टोटवर पैसा केलाही. बिल बेंटर या अमेरिकन माणसाने १९८० च्या दशकात हाँगकाँगला जाऊन संगणकावर घोड्यांच्या जिंकण्याच्या शक्यता मांडल्या आणि फलकाशी ताडून जिथे गर्दी चुकली होती तिथेच पैसे लावले. हाँगकाँग निवडण्याचे कारण पुन्हा हिशेबातच आहे : गल्ला लहान असेल तर आपलेच पैसे आपला डिव्हिडंड खाली ओढतात; हाँगकाँगचे गल्ले अवाढव्य होते. गर्दी ओळखण्याऐवजी गल्ल्यालाच हात घालण्याचा प्रयत्न २००२ मध्ये अमेरिकेत झाला. टोट चालवणाऱ्या कंपनीतल्या एका प्रोग्रॅमरने सहा शर्यतींच्या पैजेतले मित्राचे तिकीट पहिल्या चार शर्यतींचे निकाल लागल्यावर बदलले; शेवटच्या दोन शर्यतींत तर सगळेच घोडे घेऊन ठेवले होते. शेवटची शर्यत व्होल्पोनी या ४३ ला एक भावाच्या घोड्याने जिंकली, आणि देशभरात बरोबर ठरलेली सहाच्या सहा तिकिटे एकाच माणसाची निघाली. फेवरिट जिंकला असता तर आणखी काहींची तिकिटे लागली असती आणि चोरी त्यांत लपून गेली असती.

टोटचा पुढचा प्रश्न मात्र चोरीचा नाही, कपातीचा आहे. भारतात २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आला तेव्हा शर्यतींवरच्या पैजेला २८ टक्क्यांचा दर लागला; २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. कराचा भार वाढला की वाटायला उरणारा गल्ला आटतो, डिव्हिडंड खाली येतो आणि खिडकीपुढची रांग आखडते. ज्या बुकीला ओलेरने १८६७ मध्ये हिशेबाबाहेर काढले होते, तो आता रेसकोर्सच्या भिंतीबाहेर फोनवर बसून, परवान्याशिवाय आणि कराशिवाय, त्याच घोड्यांवर टोटपेक्षा चांगला भाव देतो.