घटस्फोटाचं समन्स कुणाच्या हातात पडतं?

कोर्टाच्या बातम्या करताना एक गोष्ट परत परत दिसते. नवऱ्यानं नांदवणं सोडलं हे बाईला माहीत असतं, पण कोर्टातून घटस्फोट होऊन गेला हे माहीत नसतं. पोटगीचा अर्ज करायला जाते तेव्हा समोरचा वकील हुकूमनाम्याची नक्कल पुढं करतो. निकाल एकतर्फी. कागदोपत्री समन्सची बजावणी झालेली असते. कागद मात्र तिनं पाहिलेलाच नसतो.

हे समजून घ्यायचं तर मागं जावं लागतं, कारण आपण मराठवाड्यातली माणसं या कायद्यात उशिरा आलो.

१९४७ साली मुंबई प्रांतानं हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. बडोद्यात सयाजीरावांच्या राज्यात तो १९३१ मध्येच झाला होता. मद्रासनं १९४९ ला केला, सौराष्ट्रानं १९५२ ला. पुढं १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला, तेव्हा शेवटच्या कलमात कोणकोणते जुने प्रांतिक कायदे रद्द होतात त्याची यादी दिली होती. त्यात मुंबई, मद्रास, सौराष्ट्र आहेत. हैदराबाद नाही. आणि परभणी तेव्हा हैदराबाद राज्यात होती. ज्या जातींत काडीमोडीची चाल होती तिथं पंचांसमोर सुटका व्हायची (ती चाल १९५५ च्या कायद्यानंही राखून ठेवली). बाकीच्यांचं लग्न म्हणजे लग्न, मग नवरा कसाही असो.

आता समजा, १९४८ च्या सुरुवातीला बार्शीच्या नवऱ्यानं तिथल्या नव्या कायद्याखाली दावा लावला आणि बायको माहेरी परभणीला आहे. बार्शी मुंबई प्रांतात, परभणी निजामात. मधे शंभरेक मैल, पण कायद्याच्या हिशोबानं ती परमुलखात. १९०८ च्या दिवाणी संहितेत सोय अशी की प्रतिवादी ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर राहत असेल तर समन्स टपालानं पाठवायचं. इकडं निजामाचं टपाल वेगळं, तिकिटं वेगळी, हाली सिक्का वेगळा, कोर्टाची भाषा उर्दू. तो लिफाफा त्या बाईपर्यंत कसा पोचला असता आणि तिला कुणी वाचून दाखवला असता, विचार करा.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला, तरी कायदे लगेच एक झाले नाहीत. देशाची दिवाणी संहिता आपल्याला लागू झाली १ एप्रिल १९५१ पासून. ती आली तीच एक खोट घेऊन. समन्स बजावणीच्या नियमांत लिहिलं होतं की प्रतिवादी सापडत नसेल तर सोबत राहणाऱ्या घरातल्या प्रौढ पुरुषाकडं समन्स द्यावं. पुरुषाकडंच. सासू घरात असली, आई असली, शिकलेली बहीण असली तरी तिच्या हाती देऊन बजावणी होत नव्हती. म्हणजे बाईच्या घटस्फोटाचा कागद बापाच्या, भावाच्या नाहीतर सासऱ्याच्या हातात पडणार, आणि तो तिला द्यायचा की फळीवर ठेवून द्यायचा हे तो ठरवणार. १९७६ च्या दुरुस्तीनं यात ‘स्त्री असो वा पुरुष’ असं आलं, १ फेब्रुवारी १९७७ पासून. देशाची पंतप्रधान बाई होती, पण तोवर घरातल्या बाईला दुसऱ्याचं समन्स घेता येत नव्हतं! मला ही गोष्ट कळली तेव्हा दोनदा पुस्तक उघडून पाहिलं.

आज संहिता देशभर एक आहे, पण नियम सगळीकडं तंतोतंत सारखे नाहीत. प्रत्येक उच्च न्यायालयाला आपल्या हद्दीपुरते बदल करता येतात. आणि कलम २८ म्हणतं, दुसऱ्या राज्यात समन्स पाठवलं तर ते त्या राज्याच्या नियमांप्रमाणं बजावायचं. आपल्याकडून हैदराबादला, निजामाबादला, बिदरला कामाला गेलेली किती कुटुंबं आहेत! नवऱ्यानं हैदराबादला दावा केला तर समन्स परभणीच्या कोर्टात येणार आणि इथला बेलीफ ते घेऊन जाणार. बेलीफाचा अहवाल मराठीत असेल तर त्याचं हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडून परत पाठवायचं, हे त्या कलमात सांगितलंय. कोर्टाला कळावं ही काळजी घेतली. मूळ कागद त्या बाईला कळेल अशा भाषेत असावा, यावर ते कलम काही बोलत नाही.

आणि बेलीफ येतो कधी? दिवाळीनंतर आला तर ऊसतोडीला गेलेल्या घराला कुलूप. मग समन्स दारावर डकवायचं. तेही जमलं नाही तर कोर्टाच्या हुकमानं दैनिकात जाहीर समन्स. पूर्वी एका दैनिकात असताना ही समन्सं मी स्वतः पानात लावलीयत, टेंडर आणि हरवलेल्या गुणपत्रिकांच्या मधे, बारीक टायपात. ज्या बाईच्या नावानं ती छापायचो तिच्या वस्तीवर पेपर जात नव्हता.

अलीकडं मोबाइल आलाय. २००२ पासून कुरिअर आणि ईमेल चालतं. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी क्रेडिट कार्डच्या थकबाकीच्या प्रकरणात व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नोटीस मिळाली असं धरलं, कारण निळ्या खुणा आल्या होत्या. चांगलंय. पण घरात फोन एकच आणि तो भावाच्या खिशात असेल, तर १९०८ चा प्रौढ पुरुष परत आलाच की!

मुस्लिम बहिणींचा प्रश्न वेगळ्या वाटेनं इथंच येतो. लातूरच्या एका प्रकरणात पोटगी मागितल्यावर नवऱ्यानं कैफियतीत लिहिलं की मी तलाक दिलाय. औरंगाबाद खंडपीठाच्या पूर्णपीठानं २००२ मध्ये सांगितलं, नुसतं लिहून भागत नाही, सिद्ध करावं लागेल.

परदेशातल्या जावयांबद्दलही थोडं. तिकडच्या कोर्टाचे कागद २००७ पासून हेग कराराप्रमाणं दिल्लीच्या कायदा मंत्रालयामार्फत बजावले जातात. परस्पर टपालानं पाठवायला भारताचा आक्षेप आहे. आणि अमेरिकेतल्या मिसूरीमधून आणलेला घटस्फोट सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्येच अमान्य केला होता. तेव्हा परदेशी शिक्का बघून लगेच घाबरू नका, आधी वकील गाठा.

आता कामाचं. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायला मुदत ३० दिवसांची. पण समन्स नीट बजावलं नसेल तर हे ३० दिवस निकालाच्या तारखेपासून नाही, कळल्यापासून मोजायचे. आणि पेपरात छापून किंवा कोर्टाच्या हुकमानं डकवून झालेली पर्यायी बजावणी ही मुदत मोजताना ‘नीट बजावणी’ धरायची नाही, असं मुदतीच्या कायद्यात, अनुच्छेद १२३ मध्ये, स्पष्ट लिहिलंय. पण नवऱ्यानं दरम्यान दुसरं लग्न केलं असेल तर गुंता वाढतो, म्हणून कळल्याचा दिवस लिहून ठेवा आणि उशीर करू नका. २००३ पासून बायकोला स्वतः राहते तिथल्या कोर्टात घटस्फोटाचा दावा करता येतो. पण नवऱ्यानं परराज्यात लावलेला दावा इकडं आणायचा तर सर्वोच्च न्यायालयातच अर्ज करावा लागतो.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कुणी घरी बसू नये. बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं किंवा १५१०० वर फोन करायचा. जाताना कोर्टाचा आलेला कागद लिफाफ्यासकट न्यावा, लिफाफ्यावरच्या शिक्क्याची तारीख उपयोगी पडते.