इंधनगळतीचा माग

इंधनगळतीचा माग : बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या जागेत मुरलेले पेट्रोल वा डिझेल कोठून गळले, किती खोल गेले आणि भूजलाबरोबर कोणत्या दिशेने सरकत आहे, हे ठरवण्याची शोधपद्धती. पंप बंद झाला की छप्पर उतरते, यंत्रे हलतात, जागेवर दुकान किंवा इमारत येते. टाक्या मात्र कित्येकदा जमिनीतच राहतात, आणि काढल्या तरी आधी गळलेले इंधन मागे उरतेच. जुन्या टाक्या साध्या पोलादाच्या असत. ओलसर मातीत त्या गंजत. तरी बारीक गळती टाकीपेक्षा नळ्या आणि त्यांच्या सांध्यांतून अधिक होते, म्हणून फक्त टाकीचा खड्डा तपासून ‘जागा स्वच्छ’ असा दाखला देणे अपुरे ठरते.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते. मातीतून झिरपत ते भूजलपातळीपर्यंत पोचते आणि तेथे आडवे पसरते. उन्हाळ्यात पातळी उतरली की तेही खाली जाते. पावसाळ्यात पाणी पुन्हा चढते, तेव्हा त्यातले बरेचसे मातीच्या कणांमध्ये अडकून राहते. त्यामुळे पातळीच्या चढउताराएवढ्या जाडीचा माखलेला थर तयार होतो, आणि पुढे कित्येक वर्षे पाण्यात थोडे थोडे इंधन सोडण्याचे काम हाच थर करतो. विरघळणाऱ्या घटकांत बेंझीन सर्वांत घातक. त्याने रक्ताचा कर्करोग होतो. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातील त्याची मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे.

शोधाची सुरुवात कुदळीने नव्हे, दप्तराने होते. अमेरिकेत त्यासाठी आगविम्याकरिता काढलेले सॅनबॉर्न कंपनीचे जुने नकाशे उपयोगी पडतात, कारण त्यांत पेट्रोलच्या टाक्याही दाखवलेल्या असतात. विसरलेली पोलादी टाकी चुंबकमापकाने किंवा जमिनीत शिरणाऱ्या रडारने सापडते. मग छिद्रे घेतात. बाहेर काढलेल्या मातीच्या दांड्यात वरचा भाग तपकिरी आणि माखलेल्या थरापाशी करडा-हिरवट दिसतो. हवा न मिळाल्याने लोहाचा रंग बदललेला असतो. त्या मातीचा थोडा भाग पिशवीत बंद करून वरच्या हवेतील वाफ हातातल्या मापकाने मोजतात. वास हा पुरावा नव्हे. प्रयोगशाळेत पाठवायचा नमुना जागेवरच मिथेनॉलमध्ये बुडवावा लागतो; उघडा राहिला तर बेंझीन उडून जाते आणि अहवाल खोटाच दिलासा देतो.

पाण्याची दिशा काढण्यासाठी एका रेषेत नसलेल्या किमान तीन निरीक्षण विहिरी लागतात. तिन्हींतल्या पातळ्या एकाच संदर्भबिंदूपासून मोजल्या की भूजलाचा उतार कळतो. जवळ मोठा उपसा असेल तर हा उतार त्याच्याकडे वळतो. विहिरीत पारदर्शक नळी सोडून तरंगत्या इंधनाचा थर डोळ्यांनी पाहता येतो, पण तो बहुधा भोवतालच्या मातीतल्या थरापेक्षा जाड दिसतो. त्यावरून गळतीचे आकारमान काढणे धोक्याचे.

इंधनाचे वय त्यात मिसळलेल्या द्रव्यांवरून ओळखतात. शिसे सापडले तर ते शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले असण्याची शक्यता बळावते. भारतात अशा पेट्रोलची विक्री २००० मध्ये थांबली. डिझेलमध्ये जिवाणू सरळ साखळीचे रेणू आधी खातात, फांद्या असलेले प्रिस्टेन व फायटेन मागे राहतात. त्यांच्या प्रमाणावरून गळती ताजी की जुनी याचा अंदाज येतो. चौकात समोरासमोर दोन पंप असतील तर ही तपासणी कोर्टात पोचते आणि मग अंदाजाला फारशी किंमत उरत नाही. जिवाणूंच्या खाण्याने पाण्यातला ऑक्सिजन घटतो, विरघळलेले लोह वाढते. हीदेखील इंधन पाण्यात मिसळल्याची एक खूण. या नैसर्गिक झिजेमुळे बेंझीनचा दूषित पट्टा सहसा पंपापासून फार लांब जात नाही, असे कॅलिफोर्नियातील १९९५ च्या मोठ्या पाहणीत आढळले होते.

हा समज त्याच राज्यात लगेच अपुरा ठरला. पेट्रोलचा ऑक्टेन अंक वाढवण्यासाठी अमेरिकेत १९७९ पासून त्यात एमटीबीई (मिथाइल टर्शरी ब्युटाइल ईथर) मिसळू लागले होते. ते पाण्यात सहज विरघळते, मातीला चिकटत नाही आणि जिवाणूंना ते सहजी पचत नाही. १९९५ मध्ये सांता मोनिका शहराच्या चार्नॉक विहिरींत ते सापडले, पुढे लिटरमागे ६१० मायक्रोग्रॅमपर्यंत. १९९६ पर्यंत चार्नॉक व अर्केडिया येथील विहिरी बंद कराव्या लागल्या आणि शहराचा जवळपास निम्मा पाणीपुरवठा तुटला. चार्नॉकभोवती सुमारे तीस संशयित जागा निघाल्या, त्यांत पंपांबरोबर इंधनवाहिन्याही होत्या. शहराच्या उपशाने सगळीकडचे पाणी विहिरींकडेच ओढले जात होते, त्यामुळे कोणाचा वाटा किती हे ठरवणे हाच मुख्य वाद झाला. तेलकंपन्यांशी तडजोड २००३ मध्ये झाली. १९९९ मध्ये राज्यपालांनी एमटीबीई टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला होता. विहिरींचे पाणी शुद्ध करून पुन्हा वापरात यायला सुमारे पंधरा वर्षे गेली.

ही तंत्रे प्रामुख्याने वाळू-गाळाच्या थरांवर बेतलेली आहेत. दख्खनच्या बेसाल्टात पाणी भेगा, सांधे आणि झिजलेल्या मुरमातून वाहते. तेथे पंपालगतची विहीर स्वच्छ आणि चार घरे पलीकडची दूषित असे होऊ शकते. तीन विहिरींच्या उतारावर भिस्त ठेवणे चुकीचे. भेगांची दिशा, डाईक (थरांना छेदणाऱ्या खडकभिंती) आणि भोवतालच्या विंधनविहिरींचा उपसा तपासल्याशिवाय येथे निष्कर्ष काढू नये.

भारतात पेट्रोल साठवणुकीचा परवाना देणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. परवान्यासोबत टाक्यांचा नकाशा मंजूर होतो. बंद पंपाचा माग काढताना हा नकाशा पहिला कागद ठरतो. अशी जागा विकत घेणाऱ्याने सातबाऱ्याबरोबर तोही मागून घ्यावा.