वाटेगावचा वास्तववादी

कैरोच्या गल्ल्या कादंबरीत आणणाऱ्या नगीब महफूझना १९८८ साली नोबेल मिळालं. तशा ताकदीचा लेखक शोधायला कुंडलहून लांब जायला नको. अण्णाभाऊ साठे १९२० साली आपल्याच जिल्ह्यात, वाटेगावला जन्मले. ‘फकिरा’ १९५९ची, सगळे तिच्याविषयीच बोलतात. आम्हांला मात्र ‘स्मशानातील सोनं’ ही कथा जास्त छळते. वारणाकाठचा पैलवान भीमा मुंबईत खाणीवर राबतो. खाण बंद पडते, तेव्हा पोटासाठी तो मढी उकरून सोनं काढू लागतो. एका प्रेताच्या जबड्यात बोटं अडकतात, ती कापावी लागतात; आणि त्याच दिवशी कळतं, खाण पुन्हा सुरू झाली! तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षं वास्तववादाची व्याख्या फळ्यावर लिहिली. भीमाचं नाव एकदाही घेतलं नाही.